सिग्नल मोठ्याने म्हणा!

आपल्या कॉलेजात हल्ली दर तिसऱ्या बेंचवर एक भावी कलेक्टर बसलेला असतो. ब्रँच कुठलीही असो, बॅगेत लक्ष्मीकांतचं जाडजूड पुस्तक असतंच. चांगलीच गोष्ट आहे. आपल्या खानदेशात तर उदाहरणंही घरची आहेत. एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचे राजेश पाटील २००५ च्या बॅचचे आयएएस. त्यांच्या 'ताई मी कलेक्टर व्हयनू' या पुस्तकाचं नावसुद्धा आपल्या अहिराणीत! साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारुड आधी डॉक्टर झाले, मग कलेक्टर. अशी पुस्तकं वाचून अंगात जोश येतो. पण जोश टिकतो आठ दिवस, आणि परीक्षेला लागतं वर्ष. खरी पंचाईत रिव्हिजनला होते. पहिल्यांदा वाचताना नवेपणा असतो, तिसऱ्यांदा तेच पान उघडलं की डोळे ओळीवर आणि मन बस स्टँडवर.

यावर सीनियर लोकांची उत्तरं ठरलेली आहेत. ध्यान करा, मोबाईल बंद करा, सोळा तास बसा. मला हे पटत नाही. सोळा तास बसणाऱ्यांपैकी किती तास नुसतंच बसणं असतं, ते ज्याचं त्याला माहीत! माझं मत असं की आपलं मन चंचल आहे म्हणून लक्ष उडतं, हे अर्धंच खरं. रिव्हिजन म्हणून आपण जे करतो (म्हणजे पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं पान पुन्हा बघणं), त्यात लक्ष देण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

एकाग्रता शिकायला भुसावळच्या माणसाने हिमालयात जायची गरज नाही, रेल्वे कॉलनीत जावं. आमच्या शेजारचे काका लोको पायलट आहेत. मी त्यांना एकदा विचारलं, "काका, रात्री दोन वाजता इंजिनात झोप नाही येत का हो?" ते म्हणाले, "येते ना बेटा, म्हणून तर बोलतो." रेल्वेचा नियमच आहे, सिग्नल दिसला की लोको पायलट आणि असिस्टंट दोघांनी तो मोठ्याने एकमेकांना सांगायचा. काकांनी तो सिग्नल हजार वेळा पाहिलाय, तरी म्हणायचा. जपानमध्ये तर बोट दाखवून म्हणतात. म्हणजे रेल्वे माणसाच्या मूडवर भरवसा ठेवत नाही, पद्धतीवर ठेवते. आणि रिव्हिजनचं म्हणाल तर आपल्या गावात झोनल रेल्वे ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. नोकरीत मुरलेली माणसंही तिथे रिफ्रेशरला येतात!

आपणही तसंच करावं. धडा संपला की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते मोठ्याने सांगायचं. अडकलो की मगच उघडायचं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. ते पाच मिनिटांचं यशच आपला घात करतं. पुन्हा वाचलं की वाटतं, येतंय की सगळं!

यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत पहिल्या पेपरला दोन तासांत १०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. तिथे अर्धवट आठवणं हे काहीच न येण्यापेक्षा महाग पडतं. आपल्याला काय येत नाही हे कळणं, हाच रिव्हिजनचा निम्मा उपयोग आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. त्यांनी कॉम्प्युटरवर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अभ्यास केला. २०१६ ला ७७३ वी रँक, २०१७ ला १२४ वी. नजर फिरवून 'झालं एकदाचं' म्हणण्याची सोयच नाही. कानाने ऐकायचं आणि डोक्यात ठेवायचं.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची आणखी एक गंमत आहे. 'हेबियस कॉर्पस' झोपेतही सांगू, पण 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हटलं की गाडी आउटरला उभी! एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता गोल रंगवून भागत नाही, लिहावं लागतं. तेव्हा भाषा एकच धरा आणि रिव्हिजनही त्याच भाषेत बोला. नाहीतर अर्धं डोकं भाषांतरातच खर्च होतं.

नवीन पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते. परीक्षेआधी दोन महिने नवीन पुस्तक विकत घेणं हा अभ्यास नव्हे, ती खरेदी आहे.

आता जरा आम्हा मुलींचं ऐका. पूर्व परीक्षा बहुधा मे-जूनमध्ये असते, म्हणजे आपल्याकडे पारा ४५ ला टेकलेला. मुलं अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसतात. मुलींना सात वाजले की घरून फोन येतो. घरी पाहुणे असतात, चहा असतो, "जरा पोळ्या लाट गं" असतं. शिवाय डिग्री झाली की घरचे मुदत देतात, एक वर्ष, फार तर दोन. ओपनला यूपीएससीचे सहा प्रयत्न असतात म्हणे. त्यातले किती आमच्या वाट्याला येतील? (वय २१ लागतं, म्हणून मला तर अजून पहिलाही मिळालेला नाही.) हीच काळजी पुस्तकाच्या पानावर बसून असते आणि ती ध्यान करून जात नाही. म्हणूनच मला हा बोलण्याचा अभ्यास बरा वाटतो. पोळ्या लाटतानाही होतो. माझी आई सिलॅबसची प्रिंट धरून विचारते, मी सांगते. तिला मूलभूत हक्क माझ्याआधी पाठ झाले! आणि डिग्री सोडून तयारीला बसायचं तर नावच काढू नका. अंतिम वर्षाला असतानाही यूपीएससीची पूर्व परीक्षा देता येते.

जाता जाता कॉलेजकडे एक मागणी. लायब्ररीत 'शांतता राखा' अशी पाटी आहे, ती असू द्या. पण संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या वर्गांपैकी एक तरी आम्हाला द्या, जिथे दोघी-तिघींनी बसून एकमेकींना मोठ्याने विचारता येईल. आठ वाजेपर्यंत पुरे. आणि आठला मेन गेटवरून स्टेशनपर्यंत एक बस सोडलीत, तर घरच्यांना काय सांगायचं ते आम्ही बघून घेऊ.