सॉफ्टवेअरवरचा खर्च वहीत कसा मांडावा?

व्यापारी घरांत अलीकडे एक चर्चा वारंवार घडते. शिकून आलेला मुलगा किंवा सून सांगते, की पेढीचे जुने सॉफ्टवेअर आता बदलले पाहिजे. वडील विचारतात, त्यातून मिळणार काय? मग रंगीत आराखडे दाखवले जातात, इंग्रजी संज्ञा ऐकवल्या जातात आणि विषय पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो. नव्या पिढीला वाटते, वडिलांना तंत्रज्ञान कळत नाही. वस्तुतः वडिलांचा प्रश्न व्यवहाराला धरूनच असतो. उत्तर मात्र हिशेबाच्या भाषेत मिळालेले नसते.

अशा वेळी ज्या रचनेचा आग्रह धरला जातो, तिला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजेच सेवाधारित रचना, म्हणतात. गार्टनर या संस्थेच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये ती मांडली. कल्पना पेढीला अपरिचित नाही. भाव, उधारी, गोदामातील माल आणि रोकड हे सारे एकाच मुनीमजींच्या डोक्यात असेल, तर ते आजारी पडताच पेढी अडते. तीच कामे चार जणांकडे सोपवली आणि ठरलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर एकमेकांकडून माहिती मागवायची असा शिरस्ता घातला, तर एक माणूस बदलला तरी बाकीचे काम चालू राहते. सेवाधारित रचनेत हेच घडते. कर काढणे, उधारीची मर्यादा तपासणे, शिल्लक माल सांगणे ही प्रत्येक स्वतंत्र सेवा असते आणि बिलाचा प्रोग्राम तिला ठरलेल्या पद्धतीने विचारतो.

व्यापारी ही रचना रोज वापरतोही. ई-इन्व्हॉइस काढताना पेढीचे सॉफ्टवेअर बिलाचा तपशील ठरलेल्या नमुन्यात सरकारी पोर्टलकडे पाठवते आणि पोर्टल नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड परत देते. पोर्टलच्या आत काय चालते, हे पेढीला ठाऊक असण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्येही वेगवेगळ्या बँका आणि ॲप एकाच ठरलेल्या बोलीत व्यवहार करतात.

मग यावर पेढीने स्वतःचा पैसा का घालावा? त्याचे कारण नियमांच्या तारखांत सापडते. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवरील उलाढालीपर्यंत पोहोचली. माल विक्रीवरील टीसीएस १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्दही झाला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ व १८ टक्के उरले. यांतील प्रत्येक तारखेला कुठे ना कुठे प्रोग्रामरला बोलवावे लागले. सारे काही एकाच प्रोग्राममध्ये गुंतलेले असेल, तर कराचा एक नियम बदलताना बिल, परतीचा माल, शाखेचा हिशेब असे सगळेच उघडावे आणि पुन्हा तपासावे लागते. हा खर्च ‘किरकोळ दुरुस्ती’ या नावाखाली वहीत विखुरलेला असतो, म्हणून डोळ्यांत भरत नाही.

आता एक काल्पनिक पण साधा हिशेब पाहावा. समजा, तीन शाखांच्या एका घाऊक पेढीला पाच वर्षांत सहा मोठे बदल करावे लागतात. प्रत्येकाचा खर्च ४ लाख, म्हणजे २४ लाख. देखभालीचे दरवर्षी १ लाख, म्हणजे ५ लाख. फोनवरच्या ऑर्डरी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरणाऱ्या दोन माणसांचे पगार पाच वर्षांत २४ लाख. एकूण ५३ लाख. सर्व सॉफ्टवेअर सेवाधारित करण्याच्या प्रस्तावात उभारणीला १५ लाख आणि देखभालीला ७.५ लाख धरलेले आहेत. काम चालू असताना येणारे पहिले दोन बदल जुन्याच खर्चात आणि पुढचे चार १ लाखात धरले, की बदलांचे १२ लाख होतात. दुसऱ्या वर्षापासून एकच माणूस पुरेल असे धरून पगार १४.४ लाख. एकूण ४८.९ लाख. कागदावर ४.१ लाखांची बचत दिसते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी पुढे येतो.

येथे दोन गोष्टी विसरल्या गेल्या. पहिली, व्याज. १५ लाख पाच वर्षे गुंतले, तर वार्षिक दहा टक्के सरळव्याजाने ७.५ लाख होतात. दुसरी अधिक नाजूक आहे. पेढीत वीस वर्षे काम केलेल्या माणसाला यंत्र आले म्हणून कोणी घरी पाठवत नाही. त्याला वसुलीला किंवा गोदामाला लावतात. ते योग्यच आहे. पण मग त्याचा पगार बचतीत मांडणे हा खोटा हिशेब होतो. ते ९.६ लाख वगळले आणि व्याज धरले, तर ४.१ लाखांच्या बचतीच्या जागी १३ लाखांचा तोटा उभा राहतो. वडिलांना जे आतून खटकत होते, ते हेच.

याचा अर्थ कल्पना टाकाऊ आहे असा नाही. तिची मांडणी चुकली आहे. त्याच सहा बदलांपैकी चार कराशी संबंधित असतील, तर आधी फक्त कराची सेवा वेगळी काढावी. तिला ५ लाख, जादा देखभालीला पाच वर्षांत २.५ लाख आणि व्याजाला २.५ लाख, असा १० लाखांचा खर्च येईल. काम लहान असल्याने ते पहिल्या बदलाआधी पुरे होऊ शकते. तसे झाल्यास चारही बदलांत प्रत्येकी ३ लाख वाचतील, म्हणजे १२ लाख. निव्वळ फायदा २ लाख. रक्कम छोटी आहे, पण खरी आहे. शिवाय पुढे मोबाइलवरून ऑर्डर घ्यायची ठरली किंवा चौथी शाखा निघाली, तर तीच सेवा पुन्हा उपयोगी पडते. या रचनेचा लाभ असा दुसऱ्या-तिसऱ्या वापरात मिळतो. पहिल्याच वर्षी तो दाखवणाऱ्या प्रस्तावाकडे सावधपणे पाहावे.

मोठ्या कंपन्यांनीही एकाच झटक्यात हे केलेले नाही. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेतील नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने एकसंध प्रणाली मोडून छोट्या स्वतंत्र सेवा उभारल्या आणि त्या क्लाउडवर नेल्या. ते काम जानेवारी २०१६ मध्ये पुरे झाले, आणि ग्राहकांच्या बिलांशी निगडित भाग सर्वांत शेवटी हलवला गेला. जिथे चूक महाग पडते, तिथे हात उशिरा घालावा, हा धडा पेढीलाही लागू आहे.

घरात प्रस्ताव मांडणाऱ्याने एका कागदावर पाच प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत :

१. गेल्या पाच वर्षांत सॉफ्टवेअरमध्ये कोणते बदल करावे लागले आणि प्रत्येकाला किती पैसे व दिवस लागले?
२. त्यांपैकी कोणत्या एका कामात वारंवार हात घालावा लागला?
३. तेवढेच काम वेगळे काढण्यास, व्याजासह, किती खर्च येईल?
४. बचतीच्या आकड्यात असा कोणता पगार आहे का, जो प्रत्यक्षात चालूच राहणार आहे?
५. ठरल्याप्रमाणे लाभ झाला नाही, तर कोणत्या टप्प्यावर थांबायचे?

एकाच दुकानाची, एकाच बिलिंगची आणि बाजारातील तयार सॉफ्टवेअरवर समाधानी असलेली पेढी असेल, तर पहिल्या दोन उत्तरांतच तिला कळेल, की हा खर्च तिच्यासाठी नाही. तेही चांगलेच उत्तर आहे. इतरांच्या घरी निदान चर्चा आराखड्यांवरून आकड्यांवर येईल, आणि तिथे दोन्ही पिढ्या एकच भाषा बोलतात.