मोटारीला नियम, आणि उसाच्या काट्याला?

“मिस्रा-बिस्रा मोटारवाल्यांसाठी ठीक आहे हो, आपल्या छोट्याशा बोर्डाला कशाला हवेत ते नखरे?” हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. वाईट याचं वाटतं, की ते बोलणाऱ्यांत माझ्यासारखेच बीड जिल्ह्यातून पुण्याला येऊन एम्बेडेड सी लिहिणारे असतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रिटनमधल्या मोटार उद्योगाच्या मिस्रा या गटाने १९९८ साली गाडीतला सी कोड कसा लिहावा याचे १२७ नियम काढले. त्यातला एक साधा सल्ला असा: नुसतं ‘इंट’ लिहू नका, आकडा किती बिटांचा ते नावातच सांगा.

आता हा नखरा आहे का ते बघू. समजा, वजनकाट्याच्या डब्यात ८०५१ जातीची चिप आहे. आकडा स्थिर दिसावा म्हणून प्रोग्राम १६ वेळा वजन वाचतो, बेरीज करतो आणि १६ ने भागतो. बेरीज ठेवलीय ‘अनसाइन्ड इंट’मध्ये. पीसीवर तो ३२ बिटांचा, त्यामुळे तिथे सगळं आलबेल. ८०५१ वर तो १६ बिटांचा. ६५,५३५ च्या पुढे पुन्हा शून्यापासून. म्हणजे ४,०९५ किलोपर्यंत काटा अचूक. ४,१०० किलोची ट्रॉली आली की ६५,६०० ऐवजी बेरीज उरते ६४, आणि काटा दाखवतो ४ किलो! दोन टनांची वजनं ठेवून चाचणी घेतली तर हाच काटा पास. कंपायलरही हूं की चूं करत नाही, कारण भाषेच्या लेखी यात काही चूकच नाही.

४ किलो कुणाच्याही लक्षात येईल, म्हणाल. येईल. पण असाच आकडा दुरुस्तीच्या एखाद्या गुणाकारात कापला गेला आणि फरक शे-पन्नास किलोचाच पडला, तर?

आपल्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यांची मजुरी टनावर. मुकादमाची उचल फिटते तीही टनावरच. काटा मारणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. चिपमधल्या बेरजेशी कोण भांडणार?

वेळ नसतो, चिप लहान असते, सगळे नियम पाळता येत नाहीत... मान्य. मिस्रासुद्धा नियम मोडू देते. फक्त कुठे मोडला आणि का, ते लिहून ठेवा म्हणते. माझं तर स्पष्ट मत आहे, आपल्याला नियमांचं वावडं नाही; आपल्याला ते लिहून ठेवणं नको असतं.

मोटारीचं परदेशी गिऱ्हाईक ऑडिट मागतं, म्हणून तिथे आपण शहाण्यासारखे वागतो. कोयत्याच्या बाजूने ऑडिट मागणारं कुणी नाही. म्हणूनच तिथे शिस्त जास्त हवी.

असो. उद्या ऑफिसात गेल्यावर एवढंच करा: आपापल्या कोडात नुसतं ‘इंट’ शोधा, आणि प्रत्येकापाशी थांबून विचारा, हा आकडा जास्तीत जास्त किती होईल?