आराखड्यात रस्ता, गट नंबरात पाणी! बदलापूरच्या वाढीतून आजूबाजूच्या गावांनी काय ओळखावं?

बदलापूर : २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. २०११ ला ती १ लाख ७४ हजारांवर गेली. भाताची खाचरं गेली, इमारती आल्या. कामधंदा मात्र मुंबई-ठाण्याकडेच राहिला, म्हणून स्टेशनात पहाटेपासून ही गर्दी.

शहर कुठे वाढणार हे विकास आराखडा ठरवतो. रस्ता, शाळा, दवाखाना, मैदान ही उद्दिष्टं ऐकायला बरी वाटतात. नकाशावर मात्र ती कुणाच्या तरी गट नंबरावरच येऊन बसतात. मैदान सगळ्यांनाच हवं, पण शेजाऱ्याच्या जमिनीत!

खरी गोम नदीची आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. पण एकाने भराव टाकून जागा उंच केली की पाणी जातं कुठे? शेजारच्या सखल शेतात. नकाशात ही उंची-सखलता दिसत नाही, शेतकऱ्याला ती पाठ असते. म्हणूनच त्याची हरकत कामाची.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात. गावात बातमी पोचेपर्यंत त्यातले निम्मे जातात. एकदा आरक्षण पडलं आणि जमीन घेतलीच नाही, तर दहा वर्षं थांबून कलम १२७ ची नोटीस द्यायची, त्यावर आणखी २४ महिने वाट बघायची. तोवर जमीन ना धड विकता येते, ना बांधता येते.

पालिका हद्दीबाहेरच्या अंबरनाथ तालुक्यातल्या गावांना मुंबई महानगराची प्रादेशिक योजना लागू आहे. सातबाऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी नगररचना कार्यालयात गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा, आणि पूररेषा त्यावर दाखवली आहे का हे तिथेच विचारून घ्यायचं.