सरड्याचं दुखणं

आपल्या भाषेत सरडा फार बदनाम आहे. कुणी शब्द फिरवला की तो सरडा, पुढाऱ्याने पक्ष बदलला की तोही सरडाच. पण सरडा रंग का बदलतो, याचा विचार कोण करतो? मला या वयात तो करावा लागला, कारण आमच्या नात्यातल्या एका घरी, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, काचेच्या पेटीत एक सरडा राहतो. नाव 'बिअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. नातवाच्या वाढदिवसाची भेट!

तर या पाहुण्याची बोटं मध्यंतरी आपोआप थरथरायला लागली. मागचे पाय मात्र छान गुबगुबीत दिसत होते, म्हणून घरच्यांना वाटलं, बाळसं धरतंय. डॉक्टरांनी खालचा जबडा हलकेच दाबून पाहिला, तर तो रबरासारखा वाकला. ते बाळसं नव्हतंच, ती सूज होती. हाडांतलं कॅल्शियम कमी झालं की शरीर त्या जागी तंतूंची भर घालतं आणि पाय जाड दिसतात. आपल्या आज्या ज्याला मुडदूस म्हणायच्या, त्याचाच हा भाऊबंद.

कारण काय, तर ऊन नाही. पेटी खिडकीशी ठेवली होती, ऊन चांगलं आत येत होतं. पण कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व लागतं, आणि ते तयार करणारे अतिनील किरण (साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरचे) खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. त्यासाठी वेगळा दिवा लागतो. तोही काही महिन्यांनी दुबळा होतो, उजेड मात्र पूर्वीसारखाच देत राहतो. वर खायला रोज पालक! माणसाला पौष्टिक, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. नुसते किडे घातले तर त्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. मग बिचारं शरीर स्वतःच्याच हाडांतून उसनवारी करत राहतं.

चमत्कारिक दिसणारं सगळंच दुखणं नसतं, हेही तेव्हा कळलं. तो तोंड उघडून बसतो ते बहुधा अंग तापलं म्हणून. पुढचा पाय हवेत गोल फिरवतो, ती 'मी तुझ्या वाटेला जात नाही' अशी कबुली. दाढी काळी पडते ती भीतीने, रागाने, कधी दुखण्यानेही. म्हणजे ज्या रंगबदलाला आपण लबाडी म्हणतो, ती त्याची बोली आहे. कुत्रं विव्हळतं, मांजर ओरडून घर डोक्यावर घेतं. सरडा दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडी जाणं.

मला बोलायचंय ते इथे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. शाळेच्या सहली तिकडे जात, आणि सरपटणारं दिसलं की ठेचायचं ही सवय कितीतरी मुलांची तिथे सुटली. भीती गेली, फार चांगलं झालं. पण भीतीच्या जागी माहिती यायला हवी होती, तिथे नुसती हौस आली.

कायदाही बदलतो आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आंतरराष्ट्रीय कराराखालच्या परदेशी प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली, २०२४ साली नोंदणीचे नियम आले. पण नोंदणीने प्राण्याची मालकी कळते, त्याच्या पेटीत दिवा आहे की नाही ते कळत नाही. म्हणून माझं मत असं की विकणाऱ्याने दिवा, ऊब आणि आहार यांचा मराठीतला कागद प्राण्याबरोबर द्यावा, आणि घेणाऱ्याने आधी सरपटणाऱ्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधावा, मग पेटी. वाढदिवसाच्या भेटीत तर जिवंत प्राणी नकोच. ज्यांच्याकडे आहे त्यांनी कंटाळा आला म्हणून तो वेताळ टेकडीवर सोडू नये. त्याचेही हाल, आणि तिथल्या जिवांनाही धोका.

उपचारांनी त्या सरड्याची थरथर थांबली. वाकलेला जबडा मात्र सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण सहज म्हणतो. पण पेटीतल्या सरड्याला ते कुंपण आपण घातलेलं असतं, तेव्हा आतलं ऊनही आपणच पुरवायला हवं. ते जमणार नसेल तर बागेतला आपला लाल गळ्याचा सरडा पाहावा. तो या पाहुण्याच्याच कुळातला आहे, आणि त्याचं ऊन तो स्वतः शोधतो.

तुमच्या घरी, शेजारी असा कुणी पाहुणा आहे का? असेल तर आज त्याचा दिवा तेवढा बघून घ्या.