शोभेचे रंधे

लिओनार्ड बेली याचीं पेटंटें अमेरिकेंतील स्टॅन्ले कंपनीनें १८६९ सालीं विकत घेतलीं. तेव्हांपासूनचे तिचे लोखंडी रंधे हौसेनें जमविणारा एक पंथ तिकडे आहे. हौस वाईट नव्हे. पण त्यांतील कित्येकांचा आग्रह असा कीं, गंजास हात लावूं नये, पात्यास धार लावूं नये; तेणें वस्तूचें ऐतिहासिक मोल घटतें! आम्ही विचारतों, रंध्याचा इतिहास गंजांत आहे कीं धारेंत? ज्या सुतारानें तो वापरला त्यानें पातें शेंकडों वेळां दगडावर घासलें. झिजून आखूड झालेलें पातें हीच त्या इतिहासाची खरी नोंद. ती आज थांबविणें म्हणजे इतिहास राखणें नव्हे, तोडणें होय.

जुना काळा लेप व ओतीव अक्षरें घासून टाकणारा उत्साह आम्हांसही नको. आणि कधींच न वापरलेला एखादा नमुना संग्रहालयानें खुशाल तसाच जपावा. परंतु बाकीच्यांचा गंज उतरवावा, तळ सपाट करावा, पातें परजावें आणि लाकडावर चालवावें. नाहींतर रंधा कांचेच्या कपाटांत सुखरूप राहील आणि रंधण्याची विद्या मात्र शेवटच्या सुताराबरोबर जाईल.