सन्मान संकेताचा की माणसाचा?

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८२ साली १४ ऑगस्ट हा दिवस नावाहो कोड टॉकर्सचा राष्ट्रीय दिन म्हणून घोषित केला. या भूमीवर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनीही हा दिवस आवर्जून पाळावा, असे मला मनापासून वाटते. तथापि तो कसा पाळावा, याविषयी मात्र दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. कारण सन्मान करण्याच्याही दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत माणसाचा गौरव होतो. दुसऱ्या तऱ्हेत त्याच्या केवळ उपयुक्ततेचा होतो.

प्रथम या सैनिकांचे कार्य पाहू. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य अमेरिकेचे गुप्त संदेश उलगडून वाचीत असे. नावाहो प्रदेशात वाढलेल्या फिलिप जॉन्स्टन या मिशनरीपुत्राने १९४२ च्या आरंभी मरीन दलास नावाहो भाषेचा वापर सुचविला. त्याच वर्षी मे महिन्यात २९ नावाहो तरुण दलात दाखल झाले आणि त्यांनी आपल्या मातृभाषेतून एक संकेतकोश सिद्ध केला. त्यात रणगाडा म्हणजे कासव, पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा, बॉम्ब म्हणजे अंडी. आणि अमेरिका म्हणजे 'आपली आई'! शब्दांचे हे वेषांतर असे होते की, संकेत न शिकलेल्या नावाहो माणसालाही त्याचा अर्थ लागत नसे. पुढे अशा सैनिकांची संख्या सुमारे ४०० झाली. १९४५ साली इवो जिमाच्या लढाईत पहिल्या दोन दिवसांत सहा कोड टॉकर्सनी ८०० हून अधिक संदेश एकही चूक न करता पोहोचविले. हा संकेत जपानला अखेरपर्यंत उलगडला नाही.

या पहिल्या २९ जणांपैकी एक होते चेस्टर नेझ. न्यू मेक्सिकोत १९२१ साली जन्मलेल्या या मेंढपाळाच्या मुलाला सरकारी निवासी शाळेत धाडण्यात आले. 'चेस्टर' हे नावही तेथेच लाभलेले. त्या शाळेत नावाहो भाषेत बोलणे हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा म्हणून मुलाचे तोंड साबणाने धुतले जाई. ज्या जिभेवरून ती भाषा पुसून टाकण्यासाठी सरकारने साबण वापरला, त्याच जिभेकडे तेच सरकार काही वर्षांनी युद्ध जिंकण्यासाठी हात पसरून आले. ग्वादलकनाल, बोगनव्हिल, ग्वाम, पेलेलिउ येथील रणांगणांवर नेझ त्याच भाषेत संदेश देत राहिले. भाषा तीच होती. बदलली होती ती केवळ सरकारची गरज.

आणि युद्ध संपल्यावर? हा सैनिक गणवेशात मायदेशी परतला, तेव्हा न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या राज्यांत राखीव प्रदेशातील आदिवासींना मताधिकार नव्हता. १९२४ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले होते; मतपेटी मात्र १९४८ मध्ये न्यायालयात झगडूनच उघडावी लागली. ॲरिझोनात फ्रँक हॅरिसन आणि न्यू मेक्सिकोत मिगेल त्रुहियो हे त्या लढ्यात पुढे होते, आणि दोघेही महायुद्धातून परतलेले सैनिक होते. आपल्यापैकी अनेकांनी या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली व पुढच्याच निवडणुकीत मत दिले. सात समुद्र ओलांडून आलेल्यांना जे सहज लाभले, ते या मातीच्या मूळ लेकरांना न्यायालयाचे दार ठोठावून मिळवावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे घालविल्यावर मला या इतिहासातील आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. ती म्हणजे सक्तीचे मौन. संकेताची गुप्तता १९६८ पर्यंत कायम राहिली. म्हणजे तेवीस वर्षे हे सैनिक आपण काय केले हे पत्नीला वा मुलांनाही सांगू शकत नव्हते. नेझ यांना स्वप्नांत मृत जपानी सैनिक छळीत. आधुनिक मानसोपचारशास्त्राने अशा व्याधीला आघातोत्तर ताणविकार हे नाव १९८० साली दिले. परंतु नेझ यांच्या कुटुंबीयांनी त्याच्या कितीतरी आधी आपल्या परंपरेतील विधी करवून या जखमेवर फुंकर घातली. आघात शब्दांत मांडता येणे हा उपचाराचा एक मोठा भाग असतो. येथे तर शब्दांचे धनी असलेल्या माणसांनाच शब्द नाकारले गेले. आपली नोकरीची २५ वर्षे नेझ यांनी आल्बुकर्कीच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रंगारी म्हणून काढली. त्या भिंतींपाशी जाणाऱ्या-येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, हा रंगारी कोण आहे?

सन्मान झाला, परंतु २००१ साली. जुलै महिन्यात वॉशिंग्टन येथे पहिल्या २९ जणांसाठी काँग्रेसची सुवर्णपदके देण्यात आली, तेव्हा त्यांपैकी केवळ पाच हयात होते. उरलेल्यांची पदके नातेवाइकांनी स्वीकारली. २०१४ च्या जूनमध्ये, ९३ व्या वर्षी, नेझही गेले आणि त्या २९ जणांपैकी कोणीही उरले नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात व्हाइट हाउसमध्ये तीन वृद्ध कोड टॉकर्सचा सत्कार झाला, तो आदिवासींच्या हकालपट्टीच्या १८३० च्या कायद्यावर सही करणाऱ्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या तसबिरीसमोर. आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तेथेच एका राजकीय विरोधक महिलेला 'पोकाहोंतस' म्हणून टोमणा मारला. सत्काराला आलेल्या पाहुण्यांच्या देखत एका आदिवासी स्त्रीचे नाव थट्टेसाठी वापरले जावे, याला सन्मान कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, उशिरा का होईना, पदके मिळाली; आता जुने उगाळून काय लाभ? माझे उत्तर असे की, हे जुने झालेलेच नाही. नावाहो प्रदेशातील सुमारे एक-तृतीयांश घरांत आजही नळाचे पाणी पोहोचलेले नाही. २०२० च्या करोना साथीत आम्ही डॉक्टर मंडळी जगाला वारंवार हात धुण्यास सांगत होतो, तेव्हा तेथील कुटुंबे पिंपांत पाणी भरून मैलोगणती वाहून आणीत होती. आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात लोकसंख्येच्या प्रमाणात तेथील रुग्णसंख्या देशात सर्वाधिक होती. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, १८६८ च्या तहानुसार त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्यास सरकार बांधील नाही. पाणी नाकारले जाण्याचा अर्थ या अंकाच्या वाचकांना वेगळा समजावून सांगावा लागेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, १४ ऑगस्टला अथवा माजी सैनिक दिनाला आपल्या मुलांना ही कथा सांगताना ती इवो जिमापाशी थांबवू नये. साबणाची वडी, १९४८ ची मतपेटी, तेवीस वर्षांचे मौन आणि कोरडा नळ हेही सांगावे. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवितात, हे मुलांना शिकवावे. आपल्या समारंभात एखाद्या नावाहो वीराला वा त्याच्या वंशजाला बोलाविण्याचा योग आला, तर शाल-पुष्पगुच्छ देऊन फोटो काढण्यापूर्वी त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे आणि आपण ऐकावे, भले एक शब्द कळो वा न कळो. आणि पाण्याचा प्रश्न या देशाच्या काँग्रेससमोर येईल, तेव्हा नागरिक म्हणून आपल्या प्रतिनिधीला पत्र धाडावे.

ज्यांनी या देशाला 'आपली आई' असा संकेत दिला, त्यांच्या घरी त्या आईने पाणी पोहोचविले की नाही, हे विचारण्याचा अधिकार तिच्या दत्तक लेकरांनाही आहे. तो आपण बजावला पाहिजे.