कॅमेरा घेण्याआधी भागाकार करा

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक कॅमेरा घ्यायचे ठरले की वर्गात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सुपरझूम घ्या, दूरचा पक्षी जवळ दिसेल. दुसरा म्हणतो, डीएसएलआरच घ्या, खरा कॅमेरा तोच. पैसे मात्र एकाच कॅमेऱ्याचे असतात आणि तेही वर्गणीतून जमवलेले. ते भलत्या वस्तूवर खर्च झाले तर पुन्हा तशी संधी लवकर येत नाही. म्हणून हा प्रश्न जाहिरातीवर सोपवू नये, आपल्या वहीत सोडवावा, असे माझे मत आहे. त्यासाठी भागाकार आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ एवढे गणित पुरते.

उदाहरणासाठी दोन कॅमेरे घेऊ. पहिला 2018 साली आलेला निकॉन डी3500 हा नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर. त्याच्यासोबत मिळणाऱ्या भिंगाचे नाभीय अंतर 18 ते 55 मिलिमीटर असे बदलता येते. दुसरा 2020 साली आलेला निकॉन पी950 हा सुपरझूम. त्याच्या न निघणाऱ्या भिंगाचे नाभीय अंतर 4.3 ते 357 मिलिमीटर.

जाहिरातीत पी950 पुढे '83 एक्स' असे ठळक छापलेले असते. याचा अर्थ वस्तू 83 पट मोठी दिसते असा नव्हे. 357 ला 4.3 ने भागा, 83 येतील. 'एक्स' म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नाभीय अंतराचे गुणोत्तर, दुसरे काही नाही. डीएसएलआरच्या भिंगाला याच हिशेबाने जेमतेम 3 एक्स म्हणावे लागेल. म्हणून केवळ एक्स पाहून भुलू नका.

आता दुसऱ्या पक्षाचा मुद्दा पाहू. डीएसएलआरमधील प्रकाशसंवेदक 23.5 गुणिले 15.6 मिलिमीटरचा असतो, तर पी950 मधला सुमारे 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटरचा. क्षेत्रफळे काढलीत तर पहिला जवळजवळ 13 पट मोठा भरेल. मग चित्र त्याचेच चांगले येणार, नाही का? येथेच थोडे थांबून विचार करायला हवा.

पावसात तांब्या आणि परात शेजारी ठेवली तर परातीत अधिक पाणी जमते, कारण तिचे तोंड मोठे. भिंगाचेही तसेच आहे. भिंगावर एफ/5.6 असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ नाभीय अंतर भागिले 5.6. हा भागाकार म्हणजे प्रकाश आत शिरण्याच्या तोंडाचा व्यास. जमणारा प्रकाश या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

प्रथम रात्रीचे आकाश घेऊ. दोन्ही भिंगे सर्वांत रुंद दृश्यावर ठेवली तर दोघांत जवळपास सारखेच आकाश मावते. डीएसएलआरचे भिंग तेव्हा एफ/3.5 असते. 18 भागिले 3.5 म्हणजे 5.1 मिलिमीटर. सुपरझूमचे एफ/2.8. 4.3 भागिले 2.8 म्हणजे 1.5 मिलिमीटर. एकाच ताऱ्याचा प्रकाश डीएसएलआरमध्ये सुमारे 11 पट अधिक जमतो. आकाशगंगा किंवा उल्कावर्षाव टिपायचा असेल तर प्रश्न मिटला.

आता उजनी जलाशयाच्या पाण्यात दूरवर उभा असलेला रोहित पक्षी घ्या. डीएसएलआरचे तेच भिंग 55 मिलिमीटरला एफ/5.6 असते, म्हणजे तोंड 9.8 मिलिमीटरचे. सुपरझूमचे 357 मिलिमीटरला एफ/6.5, म्हणजे तोंड 55 मिलिमीटरचे. पक्ष्याकडून येणारा प्रकाश येथे सुपरझूममध्ये सुमारे 31 पट अधिक जमतो! डीएसएलआरचा मोठा संवेदक बहुतांशी पाणी आणि आभाळच टिपत बसतो. पक्षी त्यावर ठिपक्याएवढा. चंद्राची प्रतिमा काढून पाहा. ती नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी असते. डीएसएलआरमध्ये अर्धा मिलिमीटर, सुपरझूममध्ये सव्वातीन मिलिमीटर, आणि तीही 4.6 मिलिमीटर उंचीच्या संवेदकावर.

कोणी म्हणेल, डीएसएलआरला दुसरे लांब भिंग लावता येते. खरे आहे. 70 ते 300 मिलिमीटरचे, टोकाला एफ/6.3 असलेले भिंग घेतले तर तोंड 48 मिलिमीटरचे होते आणि अंतर बरेच भरून निघते. शिवाय उडणारा पक्षी पाठलाग करून टिपण्यात डीएसएलआर अधिक चपळ असतो. पण त्या भिंगाचे पैसे वेगळे, हे खरेदीच्या दिवशीच लक्षात घ्यावे लागते. नाही तर 'पुढच्या वर्षी घेऊ' म्हणून राहिलेले भिंग कधीच येत नाही. आणखी एक गोष्ट. मोठ्या कंपन्यांचा भर आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे स्वस्त डीएसएलआर बहुधा वापरलेलाच मिळतो. तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा.

माझे मत विचाराल तर पक्षी, फुलपाखरे आणि चंद्र यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शाळेने पहिला कॅमेरा सुपरझूम घ्यावा. रुंद दृश्य टिपायला कोणाचा तरी मोबाइल असतोच. दूरचे टिपायला मात्र काहीच नसते. भिंग काढता येत नसल्याने अनेक हातांतून फिरताना आत धूळ जाण्याची भीतीही कमी. त्याच्यासोबत तिवई अवश्य घ्या, कारण लांब नाभीय अंतराला हाताचा किंचित कंपही चित्र पुसट करतो. ज्या मंडळाचा ओढा आकाशदर्शनाकडे आहे, त्याने मात्र डीएसएलआर निवडावा. आणि कोणताही घ्या, योग्य गाळणीशिवाय सूर्याकडे कधीही रोखू नका. संवेदक जळतो, आणि डीएसएलआरच्या दर्शिकेतून पाहणाऱ्याचा डोळाही.

शिक्षकांना एक विनंती. निवड करण्यापूर्वी हे भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावेत. कॅमेरा आल्यावर त्याच्यासोबत एक वही ठेवावी आणि प्रत्येक छायाचित्रासमोर तारीख, वेळ, ठिकाण व टिपणाऱ्याचे नाव लिहिले जावे. मोडेल या भीतीने कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या कॅमेऱ्याचे तोंड कितीही मोठे असले तरी त्यात प्रकाश शिरत नाही.